अकरा लिटरांतला वारा

संगणकाच्या पंख्याच्या खोक्यावर आवाजाचा आकडा छापलेला असतो. ऑस्ट्रियातल्या नॉक्टुआ कंपनीच्या एनएफ-ए१२एक्स२५ या १२० मिलिमीटरच्या पंख्यावर तो २२.६ डेसिबल आहे. शेजारच्या खोक्यावर २४ असतो, त्याच्या पलीकडे १९. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला हे आकडे वाचण्यापलीकडे काही करताही येत नाही. तिथल्या वर्दळीत पंखा कानाशी धरून चालवला तरी त्याचा खरा आवाज कळणार नाही. मग १९चा तो शांत आणि २४चा तो गोंगाटी, असा हिशेब होतो आणि पंखा घरी येतो.

हा हिशेब फसतो, कारण छापलेला आकडा मोकळ्या हवेतला असतो. पंख्याच्या पुढे काही नाही, मागे काही नाही, आणि खोली खास मोजमापासाठी बांधलेली. लिक्विड कूलर बसवलेल्या लहान कॅबिनेटमध्ये त्याच पंख्याच्या एका बाजूला बारीक पट्ट्यांचा रेडिएटर असतो आणि पुष्कळदा दुसऱ्या बाजूला काही मिलिमीटरवर पत्र्याची जाळी. तिथे तो वेगळाच बोलतो. लहान यंत्रासाठी पंखा निवडणाऱ्याने पंखा एकटा तोलू नये, असं मला मनापासून वाटतं. समोरचा अडथळा, जाळीपर्यंतची जागा आणि त्या पंख्याला कमी-जास्त फिरवणारी आज्ञा, हे सगळं एकत्र तोलावं लागतं. त्यात आपल्याकडच्या हवामानाचाही वाटा आहे, आणि तो परदेशी परीक्षणांत सापडत नाही.

उदाहरणासाठी एकच कॅबिनेट घेऊ. जर्मन डिझायनर डॅनिएल हान्सेन यांनी आधी ए४-एसएफएक्स नावाचं ७.२ लिटरांचं कॅबिनेट लोकवर्गणीतून बाजारात आणलं होतं. पुढे तैवानच्या लिआन ली कंपनीबरोबर त्यांनी ए४-एच२ओ काढलं. हे साधारण ११ लिटरांचं आहे. टेबलाखाली ठेवतो त्या नेहमीच्या कॅबिनेटचं आकारमान चाळीस-पन्नास लिटर सहज भरतं, त्यावरून कल्पना यावी. एवढ्या जागेत मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड, एसएमपीएस आणि वर २४० मिलिमीटरचा रेडिएटर मावतो. हे शक्य झालं ते १७० बाय १७० मिलिमीटरच्या मिनी-आयटीएक्स मदरबोर्डामुळे. तैवानच्याच व्हीआयए कंपनीने २००१ साली हा आकार मांडला, तेव्हा तो कमी ताकदीच्या छोट्या यंत्रांसाठी होता. आज त्याच आकारात मोठमोठे प्रोसेसर बसतात आणि त्यांची उष्णता काढायला मात्र मूठभर जागा उरते.

पाणी इथे कामाला येतं. उंच धातूचा कूलर बसवायला उंची नसते. पण प्रोसेसरवर एक चपटा ठोकळा आणि दोन नळ्या बसू शकतात, आणि उष्णता काढून टाकण्याचं काम दुसऱ्या कोपऱ्यात नेता येतं. मोठ्या यंत्रांना ही युक्ती फार पूर्वीपासून ठाऊक आहे. सी-डॅकने बांधलेला आणि २०१९ पासून पुण्याच्या आयसरमध्ये असलेला परम ब्रह्म महासंगणकही द्रव थेट तापणाऱ्या भागांपर्यंत नेऊनच थंड होतो. घरगुती संगणकांत ॲपलने २००४ साली अडीच गिगाहर्ट्झच्या पॉवर मॅक जी५मध्ये पाणी आणलं. त्याच जी५च्या २००३च्या पहिल्या आवृत्तीत नऊ पंखे होते आणि कॅबिनेटचे चार कप्पे पाडून प्रत्येक कप्प्याचे पंखे गरजेपुरतेच फिरवले जात. आवाज कमी करायचा तर पंखे काढायचे नाहीत, सावकाश फिरवायचे, हा विचार तिथे स्पष्ट दिसतो. पंप आणि प्रोसेसरवरचा थंड ठोकळा एकाच डबीत बसवायची, आज सर्रास दिसणारी रचना डेन्मार्कच्या आल्बोर्गमधल्या असेटेकने रुजवली आणि तिच्या पेटंटांवरून अनेक वर्षं कोर्टकज्जेही झाले. दुकानदार ज्याला नुसतं ‘लिक्विड कूलर’ म्हणतात, तो हाच.

आता वारा किती लागतो ते पाहू, कारण इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. समजा, प्रोसेसर १५० वॉट उष्णता टाकतोय आणि रेडिएटरमधून जाणारी हवा १० अंशांनी तापू द्यायची आहे. हवेची घनता आणि उष्णताधारकता धरून हिशेब केला, तर तासाला सुमारे ४५ घनमीटर हवा पुरते. नॉक्टुआचा एकच पंखा पूर्ण वेगात, मोकळ्या जागी, तासाला १०२ घनमीटर हवा ढकलतो. दोन मिळून २०४. म्हणजे गरज पाव हिश्श्याहूनही कमी आहे. शिवाय १५० वॉट हा जड आकडा झाला. एएमडीच्या ७८००एक्स३डीसारखा प्रोसेसर गेम खेळताना त्याच्या निम्म्यातही भागवतो.

पंख्याचे फेरे निम्मे केले की हवा निम्मी होते, दाब एक चतुर्थांश होतो आणि आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. आपल्या कानाला १० डेसिबलची घट म्हणजे आवाज साधारण अर्धा झाल्यासारखी वाटते, तेव्हा १५ची घट फार मोठी आहे. म्हणून मी पूर्ण वेगातला आकडा बघतच नाही. दोन हजार फेऱ्यांवर हा पंखा किती शांत आहे, हा प्रश्न घरातल्या माणसाचा नाही. हजार-बाराशे फेऱ्यांवर रेडिएटरसमोर तो किती हवा रेटतो आणि कसला आवाज काढतो, हा खरा प्रश्न आहे.

मात्र वरच्या वाक्यातला दाबही वाचायला हवा. वेग निम्मा केला की दाब चौथाईवर येतो, आणि रेडिएटरला दाबच लागतो. तयार लिक्विड कूलरचा रेडिएटर बहुधा २७ मिलिमीटर जाड असतो आणि त्यात इंचाला वीसच्या आसपास पट्ट्या असतात. मोकळ्या हवेत भरपूर वारा घालणारा पण दाबाला कच्चा पंखा तिथे लावला की वारा पट्ट्यांशी अडतो, बाजूच्या फटींतून मागे वळतो आणि पंखा नुसताच घरघरतो. पंख्याची माहिती वाचताना हवेच्या आकड्याआधी स्थिर दाबाचा आकडा शोधावा. तो मिलिमीटर जलस्तंभात दिलेला असतो. एनएफ-ए१२एक्स२५चा २.३४ आहे, आर्क्टिकच्या पी१२चा २.२.

लहान कॅबिनेटमध्ये पंख्याची जाडी हा मोह असतो. पंधरा मिलिमीटरचे बारीक पंखे मिळतात आणि जागेच्या टंचाईत ते देवदूतासारखे वाटतात. नॉक्टुआचाच बारीक एनएफ-ए१२एक्स१५ घ्या. दाब १.५३, म्हणजे जाड भावंडाच्या दोन तृतीयांश, आणि आवाज मात्र २३.९ डेसिबल, म्हणजे थोडा जास्तच. दहा मिलिमीटर वाचवण्याची ही किंमत आहे. दुसऱ्या टोकाला फँटेक्सचा टी३० आहे. हा मुद्दाम ३० मिलिमीटर जाड केलेला, तीन हजार फेऱ्यांपर्यंत जाणारा आणि मागच्या कळीने बाराशे फेऱ्यांवर अडवताही येणारा पंखा. रेडिएटरवर तो उत्तम काम करतो. पण २७ आणि ३० मिळून ५७ होतात, आणि ए४-एच२ओमध्ये पंखा व रेडिएटर दोघांना मिळून जागा आहे सुमारे ५५ मिलिमीटर. २५ मिलिमीटरचा पंखा घेतला तर ५२वर काम भागतं. पर्याय असे दोन-तीन मिलिमीटरवर ठरतात. म्हणून पंखा मागवण्याआधी मोजपट्टी हातात घ्यावी; संकेतस्थळावरची चित्रं पाहून अंदाज बांधू नये.

आणि जाडी बदलली की स्क्रूही बदलावे लागतात. लिक्विड कूलरसोबत येणारे लांब स्क्रू २५ मिलिमीटरच्या पंख्याच्या मापाचे असतात. तेच स्क्रू १५ मिलिमीटरच्या पंख्यातून पिळले तर टोक दहा मिलिमीटर जास्त आत जातं. त्या जागी पाण्याची चपटी नळी असेल तर रेडिएटर फुटतो आणि सगळं पाणी ग्राफिक्स कार्डावर येतं. हे मी ठासून सांगतो, कारण बारीक पंखा विकताना ही गोष्ट सहसा कुणी सांगत नाही.

पंखे एकाच मापाचे, पातीही दिसायला सारखीच, मग एक महाग आणि दुसरा स्वस्त का? खूपसं उत्तर पात्याच्या टोकात आणि चौकटीत जी फट असते तिच्यात आहे. दाबाखाली हवा या फटीतून मागे निसटते, भोवरे करते, आणि भोवरे म्हणजे आवाज. नॉक्टुआने २०१८ साली एनएफ-ए१२एक्स२५ आणला तेव्हा ही फट अर्ध्या मिलिमीटरवर आणली. साध्या प्लास्टिकमध्ये हे धोक्याचं असतं. वर्षानुवर्षं गरम हवेत फिरताना पाती केंद्रापासून बाहेरच्या बाजूला हळूहळू ताणली जातात आणि एक दिवस चौकटीला घासतात. म्हणून त्यांनी द्रवस्फटिकी पॉलिमर वापरला, जो फार कमी ताणला जातो. फँटेक्सच्या टी३०मध्येही त्याच जातीचं प्लास्टिक आहे. त्याआधीच्या पिढीत रेडिएटरवाल्यांचा लाडका पंखा होता जंटल टायफून. तो विकत असे जपानची साइद, पण घडवला होता निडेक सर्व्होने. निडेक म्हणजे १९७३ साली क्योटोत शिगेनोबू नागामोरी यांनी सुरू केलेली कंपनी. हार्ड डिस्क फिरवणाऱ्या बारीक मोटरींतून ती मोठी झाली. हार्ड डिस्कच्या मोटरीला थरथर चालत नाही. ही शिस्त शिकलेल्या लोकांनी पंखा केल्यावर तो सौम्य निघणारच.

आर्क्टिकचा पी१२ स्वस्तातला मानाचा पंखा आहे. एका नॉक्टुआच्या पैशांत त्याचे तीन तरी येतात. दाब जवळपास बरोबरीचा, बेअरिंग चांगलं. बजेट आवळून संगणक असेंबल करणाऱ्या विद्यार्थ्याला मी बिनदिक्कत तोच सांगेन. त्याची एक खोड अनेकांनी नोंदवली आहे: वेगाच्या एका अरुंद पट्ट्यात तो गुणगुणतो, आणि त्याच्या थोडं खाली किंवा वर गेलं की गप्प बसतो. उपाय फुकट आहे. रात्री खोली शांत झाली की बायोसमधून वेग शंभर-शंभर फेऱ्यांनी चढवत ऐकायचं, गुणगुण कुठे उठते ते लिहून घ्यायचं आणि तापमानानुसार पंख्याच्या वेगाची रेषा आखताना तो टप्पा ओलांडून जायचा. हे काम एकदाच करायचं असतं. हजार-दोन हजार रुपये वाचतात.

गुणगुण हा शब्द आला म्हणून थोडं थांबतो, कारण डेसिबलमध्ये न मावणारी गोष्ट इथेच आहे. पंख्याचा आवाज दोन तऱ्हेचा असतो. एक वाऱ्याचा पसरट सूसू आवाज, ज्याला ठरावीक सूर नाही. दुसरा पात्यांचा सूर. नऊ पात्यांचा पंखा मिनिटाला बाराशे, म्हणजे सेकंदाला वीस फेरे घेतो तेव्हा एका ठिकाणाहून सेकंदाला १८० पाती जातात आणि १८० हर्ट्झचा सूर लागतो. तोच पंखा सुमारे ९२५ फेऱ्यांवर आणला तर सूर १३८.६ हर्ट्झच्या जवळ येतो. तो काळी एकचा षड्ज आहे, कितीतरी पुरुष गायकांचा मधला सा. सूर असलेला आवाज मन ऐकत बसतं, बिनसुराचा आवाज सोडून देतं. त्यामुळे २५ डेसिबलचा सूसू सुसह्य असतो आणि २० डेसिबलचा सूर रात्रभर टोचतो.

रेडिएटरवर पंखे दोन असतात, त्यामुळे आणखी एक भानगड होते. एक १२०० फेऱ्यांवर आणि दुसरा ११८०वर असेल, तर सूर १८० आणि १७७ हर्ट्झचे लागतात आणि सेकंदाला तीन वेळा आवाज चढतो-उतरतो. तानपुऱ्याची जोडीची तार मिळवताना जी आंदोलनं ऐकू येतात, तीच ही. तिथे ती विरेपर्यंत खुंटी पिळतात. पंख्यांना एकाच तारेवर जोडून हुबेहूब सारखा वेग मिळत नाही, म्हणून उलटा उपाय करतात: वेग स्पष्ट वेगळे ठेवायचे, म्हणजे आंदोलनं इतकी जलद होतात की हिंदोळा जाणवत नाही. नॉक्टुआने अलीकडे दोन पंख्यांची अशी जोडीच विकायला काढली आहे, ज्यात वेग मुद्दाम थोडा वेगळा ठेवलेला असतो. बायोसमध्ये दोन पंख्यांना दोन स्वतंत्र जागा मिळत असतील, तर हे आपणही करू शकतो.

पण सगळ्यात जास्त फरक पडतो तो जाळीपासूनच्या अंतराने. पंख्यात शिरणारी हवा गुळगुळीत हवी. शोषणाच्या बाजूला अगदी जवळ भोकांचा पत्रा असेल तर प्रत्येक भोकामागे भोवरा तयार होतो, पाती तो कापतात आणि चांगला पंखाही शीळ घालू लागतो. सोडणाऱ्या बाजूला तेवढाच अडथळा तुलनेने चालतो. म्हणून जिथे निवड असेल तिथे पंखा अशा बाजूला लावावा की तो मोकळी हवा ओढेल आणि रेडिएटरमधून बाहेर ढकलेल. निवड नसेल तर पंखा आणि जाळी यांच्यामध्ये पाच मिलिमीटरची चौकट टाकावी. ती तयारही मिळते आणि थ्रीडी प्रिंटरवर छापूनही घेता येते. पंखा आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीवर रबराची किंवा फोमची पट्टी चिकटवली की निसटणारी हवा थांबते आणि तेवढे फेरे कमी करता येतात. पाच मिलिमीटर जागा आणि वीतभर फोम यांनी जे होतं, ते पुष्कळदा दुप्पट महाग पंख्यानेही होत नाही.

यानंतर आज्ञा. चार तारांचा पंखा पीडब्ल्यूएम या वेग ठरवणाऱ्या संकेताने चालतो. इंटेलच्या मानकाप्रमाणे तो संकेत २५ किलोहर्ट्झचा असतो, माणसाच्या कानाच्या पल्याड, म्हणून मोटरीत त्याची किणकिण ऐकू येत नाही. तोट्याची गोष्ट अशी की मदरबोर्ड मुळात पंखा प्रोसेसरच्या तापमानावर नाचवतो. ब्राउझरचं पान उघडलं की प्रोसेसर सेकंदभरात १५-२० अंश उसळतो आणि खाली येतो. पंखा त्याच्यामागे धावतो आणि थांबतो. हा चढउतारच माणसाला यंत्राकडे बघायला लावतो. पाण्याला मात्र इतकी घाई नसते. कूलरमध्ये समजा २०० मिलिलिटर पाणी आहे. शंभर वॉटचा जादा भार आला आणि पंख्यांनी काहीच केलं नाही, तरी पाणी एक अंश तापायला आठेक सेकंद लागतात. दहा अंशांना सव्वा मिनिटाच्या वर. तेवढी सवड हातात असताना पंख्याने दचकायचं कारण नाही. पाण्याचं तापमान सांगणारा सेन्सर असलेला कूलर घ्यावा आणि पंखे त्यावर चालवावेत. सेन्सर नसेल तर बायोसमध्ये वेग वाढवण्याआधी थांबण्याची मुदत असते. ती जितकी लांबवता येईल तितकी लांबवावी.

आणि इथे आपलं हवामान येतं. परदेशी परीक्षणं वीस-बावीस अंशांच्या खोलीत होतात आणि कंपन्यांनी आखून दिलेली वेगाची रेषाही तशाच खोलीची असते. रेडिएटर पाण्याला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. समजा, रेषा अशी आहे की पाणी ३२ अंशांवर पंखा वाढू लागतो आणि ४०वर पूर्ण वेग. डिसेंबरातल्या पुण्यात पाणी २८-३०वर राहील आणि पंखे जेमतेम फिरतील. मे महिन्यातल्या नागपुरात बाहेर ४५ अंश असताना घरातली खोलीच ३५वर असते. मग संगणक नुसता चालू ठेवला, तरी पंखे अर्ध्याहून जास्त वेगाने ओरडू लागतात आणि माणूस म्हणतो, पंखा खराब निघाला. पंखा चांगलाच असतो, रेषा दुसऱ्या देशाची असते. ज्याला जमेल त्याने खोलीचं तापमान मोजणारी तार जोडून पाणी आणि खोली यांच्यातल्या फरकावर पंखे चालवावेत. नाही तर उन्हाळी आणि हिवाळी अशा दोन रेषा आखून ठेवाव्यात. उन्हाळ्यात पाणी ४५ अंशांपर्यंत गेलं, तरी बहुतेक कूलरांना ते सोसतं.

ऋतूंनी आपल्यावर एक उपकारही केला आहे. ज्या महिन्यांत संगणकाला वारा जास्त लागतो, त्याच महिन्यांत डोक्यावर छताचा पंखा गरगरत असतो आणि विदर्भात खिडकीत कूलर धडधडत असतो. त्या आवाजात संगणकाचा सूसू पूर्ण बुडतो, फक्त सूर वर येतो. ज्या महिन्यांत छताचा पंखा बंद होतो, तेव्हा संगणकालाही सावकाश फिरून चालतं. ही सोय मिळत नाही ती घरून श्राव्यपुस्तकं किंवा गाणं ध्वनिमुद्रित करणाऱ्यांना, कारण मायक्रोफोन चालू असताना त्यांना पंखा आणि एसी दोन्ही बंद करावे लागतात. त्यांनी पैसे चांगल्या पंख्यांवर खर्च करणं मला सर्वस्वी योग्य वाटतं, आणि त्यांनी ध्वनिमुद्रणापुरते पंखे सहाशे-सातशे फेऱ्यांवर बांधून ठेवणारी तिसरी रेषा आखावी. ध्वनिमुद्रणाचं काम प्रोसेसरला फारसं तापवतही नाही. कोकणातले काही जण पावसाळ्यात रेडिएटरवर दव धरेल म्हणून भितात. ते होत नाही, कारण रेडिएटर खोलीपेक्षा थंड होतच नाही.

पंखे शांत झाले की मागे पंप उरतो. त्याचा आवाज उंच पट्टीचा असतो आणि तो सतत बदलला तर जास्त बोचतो. त्याला एका मध्यम वेगावर कायम ठेवावं. खळखळ ऐकू आली तर आत हवा आहे. रेडिएटरचं वरचं टोक पंपाच्या वर असेल तर बुडबुडे तिथे जाऊन बसतात. पंपच सगळ्यात उंच असेल तर ते पंपात अडकतात. ए४-एच२ओमध्ये रेडिएटर वर असल्यामुळे हा प्रश्न येत नाही. रेडिएटर तळाशी बसवणाऱ्या कॅबिनेटांत येतो.

धुळीबद्दल परदेशी लेख दोन ओळी लिहितात, आपल्याला जास्त लागतात. बांधकामं चालू असलेल्या उपनगरात रेडिएटरच्या पट्ट्यांत दोन-तीन महिन्यांत गाळ बसतो आणि त्याच तापमानासाठी पंखे आपोआप वर चढतात. आवाज वाढला की आधी ब्रश घ्यावा, नवा पंखा नंतर. ब्लोअरने साफ करताना पातं बोटाने धरून ठेवावं, नाही तर पंखा त्याच्या मर्यादेपलीकडे फिरून बेअरिंग दुखावतं.

लिक्विड कूलरची हमी साधारण पाच-सहा वर्षांची असते. नळ्यांच्या भिंतीतून पाणी कणाकणाने कमी होत जातं आणि कधीतरी पंप थकतो. चांगला पंखा त्याहून जास्त टिकतो. नॉक्टुआ आपल्या या पंख्याचं सरासरी आयुष्य दीड लाख तासांहून जास्त सांगते. १२० मिलिमीटरच्या पंख्यांच्या भोकांमधलं अंतर सगळीकडे १०५ मिलिमीटरच असतं. कूलर बदलताना सोबत आलेले पंखे खोक्यातच ठेवून जुनी जोडी नव्या रेडिएटरवर चढवता येते.